कॅथलिक विद्यापीठात शिकायला जाताय? मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

गंगाखेडची

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अलीकडं एकच प्रश्न विचारला, म्हणून वेगळा धागा काढते. प्रश्न असा: "पोरीला अमेरिकेतल्या विद्यापीठाचं ॲडमिशन आलंय, पण ते ख्रिश्चनांचं आहे म्हणे. पाठवावं का?"

मी विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात, मार्क्वेट विद्यापीठात बायोमेडिकल सायन्सेसची पदवी घेतली. बारावीपर्यंतचं शिक्षण गंगाखेड आणि लातूर. त्यामुळं दोन्हीकडचं पाहिलेलं आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते.

मार्क्वेट जेझुइट धर्मगुरूंनी १८८१ मध्ये सुरू केलं. जेझुइट म्हणजे इग्नेशियस लोयोलांनी स्थापन केलेला संघ, १५४० मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली. मुंबईचं सेंट झेवियर्सही याच संघाचं. मार्क्वेटला सगळे मिळून ११,००० च्या आसपास विद्यार्थी आहेत. त्याच राज्यातलं मॅडिसनचं सरकारी विद्यापीठ ४०,००० च्या वर जातं. हा आकाराचा फरक कागदावर कळत नाही, तिथं गेल्यावर कळतो. काही मोठी लेक्चर्स सोडली तर आमचे बरेचसे वर्ग वीस-तीस जणांचे होते. प्राध्यापकांना नाव माहीत असायचं, आणि दोनदा गैरहजर राहिलं की ईमेल यायची. मागच्या बाकावर बसून वर्ष काढायची सोय नाही. गावाकडून एकट्या गेलेल्या मुलीला ही गोष्ट किती आधार देते ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

आता धर्माचं. बऱ्याच वर्गांत भिंतीवर क्रूस असतो. कॅम्पसवर चॅपलं म्हणजे छोटी चर्चं आहेत, मिस्सा म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना होते, आणि जायचं की नाही हे तुमच्यावर. हजेरी नाही, मार्क नाहीत, कुणी विचारतही नाही. मार्क्वेटला जोन ऑफ आर्क या फ्रेंच संत स्त्रीच्या नावाचं एक पंधराव्या शतकातलं दगडी चॅपल आहे. फ्रान्समधल्या एका खेड्यात ते मोडकळीला आलं होतं. दगड न् दगड सुटा करून ते आधी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला नेलं आणि १९६० च्या दशकात तिथून मिलवॉकीत आणून पुन्हा उभं केलं. आत एक दगड आहे. त्यावर जोननं प्रार्थना केली होती आणि तो बाजूच्या दगडांपेक्षा गार लागतो, असं सांगतात. परीक्षेच्या आधी मी तिथं जाऊन बसायचे. तू कोण, कुठली, असं एकदाही कुणी विचारलं नाही.

मग सक्ती कशाची? सक्ती आहे ती फिलॉसॉफी आणि थिऑलॉजीची, म्हणजे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राची. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, नाहीतर अकाउंटंट, बॅचलर्सला हे विषय घ्यावेच लागतात. घरच्यांना भीती वाटते ती इथंच. आणि माझं स्पष्ट मत आहे की सगळ्या डिग्रीत सगळ्यात मोलाचं जर काही असेल तर तेच.

एक प्रसंग सांगते. थिऑलॉजीच्या पहिल्याच सत्रात बायबलमधल्या, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची गोष्ट होती. प्राध्यापकांनी विचारलं, तुमच्या परंपरेत अशी एखादी गोष्ट आहे का? मी हात वर केला आणि एकनाथ महाराजांची सांगितली. काशीहून गंगेची कावड खांद्यावर, रामेश्वराला वाहायची, आणि वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव. नाथांनी ते सगळं पाणी गाढवाला पाजलं. वर्ग शांत ऐकत होता. मला वाटलं, संपलं. पण प्राध्यापक म्हणाले, "नाथांबरोबर जे यात्रेकरू होते त्यांचं काय? ते चुकीचे होते का? त्यांनी इतक्या लांबून पाणी आणलं ते देवासाठीच ना?"

ही गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकलेली, कीर्तनात ऐकलेली, शाळेत भाषणात म्हटलेली. पण त्या यात्रेकरूंचा विचार मी कधीच केला नव्हता. त्या आठवड्याचा निबंध मी त्यांच्यावरच लिहिला. पैठणपासून इतक्या जवळ वाढून नाथांकडं अशा नजरेनं बघायला मला मिलवॉकीच्या एका वर्गानं लावलं. कुणी मला येशूकडं वळवलं नाही. जे घेऊन मी गेले होते ते नीट उघडून पाहायला लावलं.

म्हणून मराठवाड्यातल्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं: तुम्ही काय मानता आणि का मानता, हे बोलायची तयारी करून या. आपल्या लातूर पॅटर्ननं आपल्याला भरपूर दिलंय. बसायची चिकाटी, सराव, वेळेचं गणित. केमिस्ट्रीत मला पहिलं वर्षभर काही जड गेलं नाही ते त्याच्याच जोरावर. पण चार पर्यायांतून एक निवडणं वेगळं आणि "तुझं मत काय?" याला उत्तर देणं वेगळं. तिथं वर्गात बोलण्यालाही गुण असतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

मांजराकाठ

ताई, मनापासून आभार. माझ्या मुलीला अशाच एका विद्यापीठातून पत्र आलंय. तिची आजी म्हणते, धर्म बदलून आली तर? दुसरं म्हणजे खाण्याचं. आमच्याकडं पूर्ण शाकाहारी. आणि डिसेंबरात सुट्टी मिळते का? आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळं घर शेतात असतं, तेवढं तरी तिला यायला मिळावं अशी इच्छा आहे.

गंगाखेडची

काका, आजींना सांगा, धर्म बदलायला तिथं कुणालाही सवड नाही. इच्छा असणाऱ्याला रीतसर महिनोन् महिने शिकवणी असते, मगच बाप्तिस्मा. गुपचूप काही होत नाही. उलट कॅम्पस मिनिस्ट्री नावाचा जो विभाग असतो तो इतर धर्मांच्या मुलांनाही मदत करतो. मिलवॉकीजवळ प्यूवॉकीला हिंदू मंदिर आहे, आम्ही गणपतीत जायचो.

खाण्याचं सांगते. पहिली दोन वर्षं मार्क्वेटला हॉस्टेलमध्ये राहणं बंधनकारक आहे, आणि त्याबरोबर मेसचा प्लॅन येतो. शाकाहारी काही ना काही रोज मिळतं, पण मीठमिरचीची अपेक्षा ठेवायची नाही. एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला त्यांचा उपवासकाळ सुरू होतो, ईस्टरपर्यंत. त्या काळातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, मासे चालतात. त्या दिवशी मेसमध्ये बिनमांसाचे पदार्थ जरा जास्त असायचे आणि मी शुक्रवारची वाट बघायचे.

त्या काळाची सुरुवात होते त्या बुधवारी अर्धा कॅम्पस कपाळावर राखेचा क्रूस घेऊन फिरत असतो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारा दांडगा बास्केटबॉलवाला पोरगा, लायब्ररीतल्या बाई, डीन, सगळे. पहिल्या वर्षी मला कुणी सांगितलं नव्हतं. मग रूममेटनं समजावलं, की आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार याची ती आठवण. कपाळावरचा बुक्का बघत वाढलेल्या मला त्यात परकं काही वाटलं नाही.

सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. वेळ अमावस्या त्यात बऱ्याचदा बसते. पण विमानाचं तिकीट नाताळामुळं फार महाग, आणि हॉस्टेल त्या काळात बंद ठेवणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत. ॲडमिशन घेतानाच विचारून ठेवा की सुट्टीत राहायची सोय काय. हा प्रश्न आपले लोक विचारत नाहीत आणि मग पोरगी नोव्हेंबरात कुणाच्या घरी राहू म्हणून शोधत बसते.

नागसेनवन

चांगला धागा. मी छत्रपती संभाजीनगरमध्ये अनेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे.

एक ऐतिहासिक संदर्भ जोडतो. अमेरिकेतली कॅथलिक विद्यापीठं आज जी मोकळी दिसतात ती आपोआप तशी झालेली नाहीत. १९६७ साली विस्कॉन्सिनमध्येच, लँड ओ'लेक्स या गावी, कॅथलिक विद्यापीठांचे प्रमुख जमले. नोत्र दाम विद्यापीठाचे फादर थिओडोर हेसबर्ग त्यांचे पुढारी. त्यांनी निवेदन काढलं की विद्यापीठाला विद्यापीठ म्हणून उभं राहायचं तर त्याला खरी स्वायत्तता हवी, चर्चच्या सत्तेपासूनसुद्धा. त्याच सुमाराला बऱ्याच ठिकाणी कारभार धर्मगुरूंच्या संघाच्या हातातून विश्वस्त मंडळांकडे गेला. पुढं १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी वेगळी नियमावली जाहीर केली आणि कॅथलिक ओळख टिकलीच पाहिजे, असा आग्रह धरला. ही ओढाताण अजून संपलेली नाही. ती संपू नये असंच मला वाटतं, कारण त्या ओढाताणीतूनच वर्गात प्रश्न जिवंत राहतात.

आणि हे आपल्याला अगदीच नवीन आहे असंही नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, आणि परिसराला नाव नागसेनाचं, उत्तर देणाऱ्या भिक्खूचं. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा पाया ज्या ठिकाणी पक्का झाला तिथं वादसंवादाचीच परंपरा आहे. गंगाखेडच्या ताईंना जे मिलवॉकीत मिळालं ते इथंही मिळालं पाहिजे. आपल्या विज्ञानाच्या मुलांना दोन सत्रं तत्त्वज्ञान का असू नये?

गंगाखेडची

सर, शंभर टक्के. मार्क्वेटचंही असंच, २०१४ मध्ये पहिल्यांदा धर्मगुरू नसलेले अध्यक्ष आले. आणि अजून एक: मुलांबरोबर मुलींना प्रवेश देणारं जगातलं पहिलं कॅथलिक विद्यापीठ म्हणून मार्क्वेटचं नाव घेतात, १९०९ मध्ये. जनाबाईंच्या गावातून गेलेल्या मला हे कळलं तेव्हा फार अभिमान वाटला होता.

वैजापूरकर

मी जन्मानं कॅथलिक, वैजापूर तालुक्यातला. आमच्याकडं मिशनच्या शाळेत आणि बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची पोरं शिकली, त्यामुळं वरची भीती मला लहानपणापासून ओळखीची आहे. ती खोटी आहे हे सांगून जात नाही, पोरं शिकून परत आली की जाते.

माझा पुतण्या अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठात आहे. सगळ्यांना वाटलं, याला काय, याचा तर धर्मच तो. पण त्याला सुरुवातीला फार एकटं वाटलं. आमची मिस्सा मराठीत, पेटी-तबल्यावर भजनाच्या चालीत गाणी, बाया डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसलेल्या. तिकडं बाकं, ऑर्गन, आणि पाऊण तासात सगळं आटोपतं. तो म्हणाला, काका, प्रार्थना तीच आहे पण घर वाटत नाही. नंतर तिथल्या फादरांनी त्याला एका रविवारी मराठी गाणं म्हणायला लावलं. तो गायला, आणि त्यानंतर लोक त्याला नावानं ओळखायला लागले. तेव्हा धर्म एक असला तरी परदेश तो परदेशच. कुणाचंही पोर असो, तयारी सारखीच करावी लागते.

ज्वारीचं_कणीस

ताई, मी बारावीला आहे, हिंगोली जिल्हा. वडिलांची पाच एकर कोरडवाहू. मला खूप इच्छा आहे. खर्च किती येतो आणि काम करून भागतं का, खरं खरं सांगा.

गंगाखेडची

खरं खरं सांगते, आणि तू मला लहान भावासारखा म्हणून जरा कडक सांगते.

मार्क्वेटसारख्या ठिकाणी नुसती शिकवणीची फी वर्षाला ५०,००० डॉलरच्या आसपास आहे. राहणं, खाणं, आरोग्य विमा, पुस्तकं वेगळी. ही छापील फी. हुशार मुलांना शिष्यवृत्ती मिळते, परदेशी मुलांनाही मिळते, आणि खासगी विद्यापीठांत ती बऱ्यापैकी मोठी असू शकते. पण ती फीच्या काही भागाची असते, सगळ्याची क्वचित.

काम करून भागत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच, आणि तेही कॅम्पसवर. मी लायब्ररीत काउंटरवर काम केलं. त्यातून मोबाइल, किराणा, शिकागोची एखादी फेरी एवढं निघायचं. फी निघत नाही. जो कुणी तुला "तिकडं गेलं की काम करून फेडशील" सांगतो, त्या एजंटाकडं पुन्हा जाऊ नकोस.

शेत गहाण टाकून बॅचलर्सला येऊ नकोस. एक साल पाऊस गेला की वडिलांचं काय होईल याचा विचार तुला तिथं रोज रात्री झोपू देणार नाही, आणि अभ्यासही होणार नाही. आधी इथं चांगली पदवी कर, मग मास्टर्स किंवा पीएचडीला जा. पीएचडीत फी माफ आणि वर विद्यावेतन, असं बऱ्याच ठिकाणी असतं.

आणि हे शिक्षण भारतातही आहे. मुंबईचं झेवियर्स आहे. बंगळुरूचं सेंट जोसेफ्स कॉलेज १८८२ पासूनचं, १९३७ पासून जेझुइटांकडं, २०२२ मध्ये ते विद्यापीठ झालं. तिथल्या फीची आणि अमेरिकेच्या फीची तुलनाच होत नाही. तिकडं अर्ज कर. इंग्रजीची भीती मनातून काढ, ती पहिल्या वर्षभरात जाते.

डेटनवासी

मी नांदेडचा, मास्टर्स केलं ओहायोतल्या डेटन विद्यापीठात. हे जेझुइटांचं नाही, मेरियनिस्ट संघाचं, १८५० सालचं. राइट बंधूंचं शहर.

मास्टर्सला जाणाऱ्यांसाठी सांगतो: मला थिऑलॉजी वगैरे काही घ्यावं लागलं नाही. इंजिनिअरिंगच्या विषयांत कॅथलिकपणा कुठंच दिसत नाही. दिसतो तो राहण्यात. विद्यापीठाशेजारी विद्यापीठाच्याच मालकीच्या घरांची आळी आहे. बॅचलर्सची मोठी पोरं तिथं पाच-सहा जण मिळून एकेक घर करून राहतात. प्रत्येक घराला ओसरी. सप्टेंबरात संध्याकाळी सगळे ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणार. मी रोज त्या आळीतून चालत जायचो. पहिल्या आठवड्यात एका घरातून हाक आली, "बस की, कुठून आलास?" अमेरिकेत कुणी कुणाशी बोलत नाही असं ऐकून गेलो होतो. त्या ओसरीवर बसून मी निम्मं इंग्रजी शिकलो.

शनिवारी रात्री याच आळीत दारूही भरपूर असते, हेही सांगितलं पाहिजे. कायद्यानं वय २१ लागतं. नाही म्हटलं तर कुणी आग्रह करत नाही. पण नाही म्हणायची सवय घरूनच घेऊन जावी.

पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक शाखांना वर आणखी २४ महिने. हे नियम बदलत असतात, म्हणून जाताना सरकारी संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर नको.

लेकीची_आई

मुलींच्या दृष्टीनं काही वेगळं असतं का? नियम कडक असतात का? जे उघड विचारता येत नाही तेही सांगितलंत तर बरं होईल.

गंगाखेडची

ताई, चांगलं केलंत विचारलंत.

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. इंडियानातल्या नोत्र दामला मुलामुलींची हॉस्टेलं वेगळी आहेत, प्रत्येक हॉस्टेलात स्वतःचं चॅपल, आणि दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांनी आठवड्यात मध्यरात्रीपर्यंत आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री दोनपर्यंत बाहेर पडायचं असा नियम. बाकी पुष्कळ कॅथलिक विद्यापीठांत एकाच इमारतीत वेगवेगळे मजले असतात. आपल्याकडच्या हॉस्टेलांसारखं सातच्या आत घरात नसतंच.

उघड न बोललं जाणारं असं: कॅथलिक विद्यापीठांच्या दवाखान्यात गर्भनिरोधक गोळ्या साधारणपणे त्या कारणासाठी देत नाहीत. पाळीच्या त्रासासाठी डॉक्टर लिहून देऊ शकतात, पण धोरण प्रत्येकाचं वेगळं. ज्या मुलींना पीसीओडी आहे आणि औषध चालू आहे त्यांनी जाण्याआधी दवाखान्याला ईमेल करून विचारून घ्यावं, आणि विम्यात ते बसतं का तेही. माझ्या एका मैत्रिणीला ऐन परीक्षेत बाहेरचा डॉक्टर शोधावा लागला. या गोष्टीवर माझं मत वेगळं आहे आणि ते मी थिऑलॉजीच्या वर्गात मांडलंसुद्धा. वाद झाला, चांगला झाला, गुण काही कमी झाले नाहीत.

मन खचलं तर समुपदेशन केंद्र असतं. जा म्हणावं तिला, लाजू नको. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि आपल्याकडच्या उन्हात वाढलेल्या पोरींना त्याचा खरोखर त्रास होतो. थंडीत घड्याळाचं अंतर साडेअकरा तासांचं होतं. तिची रात्र म्हणजे तुमची सकाळ, म्हणून फोनची एक वेळ ठरवून टाका. माझी आई सकाळी चुलीपाशी बसून बोलायची, भाकरी थापतानाचा आवाज ऐकू यायचा.

जॅकेट इथून घेऊन देऊ नका. तिथलं तिथंच घ्यावं. त्याऐवजी बॅगेत येसर आणि काळा मसाला भरा. ज्वारीचं पीठ शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिळतं, मिलवॉकीहून आगगाडीनं दीड तास.

मांजराकाठ

ताई, आजीला एकनाथ महाराजांचा प्रसंग वाचून दाखवला. म्हणाली, "त्या यात्रेकरूंचं काय, हे मला पण कुणी विचारलं नव्हतं." जाऊ दे म्हणाली पोरीला, शिष्यवृत्तीचं बघून. आता तिला निबंध लिहायचाय, तू इथं का येऊ इच्छितेस यावर. काही सुचवाल का?

गंगाखेडची

काका, हे वाचून फार आनंद झाला.

निबंधात विद्यापीठाची स्तुती नको, ती त्यांना पाठ आहे. लहानपणापासूनची डॉक्टर व्हायची इच्छा हेही नको, ते सगळेच लिहितात. तिनं स्वतः पाहिलेलं काहीतरी लिहावं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती लहान असेल, पण घरात त्या उन्हाळ्यात पाणी कसं वापरलं, भांडी कुणी घासली, शेजाऱ्यांशी काय बोलणं झालं, हे तिला आठवत असेल. आणि त्यावरून तिच्या मनात कोणता प्रश्न राहिला तो. प्रश्न खरा असेल तर उत्तर नसलं तरी चालतं.

लिहून झालं की मला पाठवा. इंग्रजी मी बघते, पण मजकुराला हात लावणार नाही. आणि शिष्यवृत्तीच्या मुदती बऱ्याचदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपतात, ती तारीख आजच बघून घ्या.